अर्धी मात्रा : फोंड्याच्या एका हार्ड रॉक बँडचं पुन्हा उभं राहणं

कॅसेटच्या लेबलवर निळ्या शाईत दोनच शब्द होते : 'प्रॅक्टिस, चवथ'. चवथ म्हणजे आमच्याकडची गणेशचतुर्थी. ड्रमरची मुलगी ती घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, बिघडलीय वाटतं. एका बाजूला सगळं संथ नि घोगरं वाजतं, आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी उलटं बोलतंय." मी अक्षर ओळखलं. माझंच होतं.

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका हार्ड रॉक बँडचं आहे. चौघेही इथलेच, घरात मराठी वर्तमानपत्र येणारे, जत्रेतली नाटकं आणि देवळातली भजनं ऐकत वाढलेले. कॉलेजात बँड सुरू झाला, सहा वर्षं चालला, मोडला आणि १७ वर्षांनी पुन्हा उभा राहिला. मी तेव्हा त्यांचं रेकॉर्डिंग करायचो, आता पुन्हा करतो. चौघांनी लिहायला परवानगी दिली, नावं मात्र घालू नकोस म्हणाले, म्हणून इथे ज्याला त्याला वाद्यावरूनच ओळखायचं. बँड का मोडला याचं जे उत्तर आम्ही सगळे इतकी वर्षं देत होतो, ते चुकीचं होतं. त्या चुकीच्या उत्तरावर विसंबून केलेला पुन्हा एकत्र यायचा पहिला प्रयत्न फसला. दुसरा का जमला, ते जरा सविस्तर सांगतो.

कुळागरातली खोली

प्रॅक्टिस बासवाल्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, व्हायची. पूर्वी सोललेली सुपारी ठेवायची एक खोली होती, वर पत्रे. पावसात पत्र्यांचा आवाज इतका की झांजा आणि पाऊस वेगळे काढता येत नसत. गिटारला एक जुना अँप, बासला दुसरा, गायकाला भजनी मंडळाचा माइक. गाणी मराठीत. त्या वेळी हार्ड रॉक मराठीत म्हणणं बऱ्याच जणांना विचित्र वाटे. यांना वाटत नव्हतं, कारण यांना ज्या भाषेत राग येई त्याच भाषेत हे ओरडत होते.

ड्रमर घुमट वाजवणाऱ्या घरातला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : घुमट म्हणजे मातीचं, दोन तोंडांचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं आणि लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताने ते उघडं तोंड झाकत-सोडत आवाज दाबायचा नि फुगवायचा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. चवथीला आमच्याकडे घरोघर घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल) आणि कासाळ्यांवर (झांजांवर) आरत्या होतात, आणि त्या आरत्यांची लय ज्याच्या हातात लहानपणापासून बसली, तो ड्रमच्या सेटवर बसला तरी ती हातातून जात नाही. याच मातीत लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर झाले. लयीच्या बाबतीत गोव्याचा माणूस हट्टी असतो आणि त्याने तसं असावं, असं माझं मत आहे.

बँडचं एक गाणं चाललं. ते चाललं याचं कारण त्यातली एक जागा. गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, चार वेळा सरळ येते, पाचव्या वेळी समेवर यायच्या ऐवजी अर्धी मात्रा उशिरा पडते, आणि ऐकणाऱ्याचा पाय क्षणभर हवेत राहतो. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये पोरं त्या जागेची वाट बघायची. ती आली की एकच गलका.

फॉर्मवरचे दोन रकाने

मुंबईच्या एका छोट्या कंपनीने नव्या बँडच्या गाण्यांची एकत्रित सीडी काढायचं ठरवलं आणि हे गाणं घेतलं. फॉर्म आला. त्यात दोन रकाने होते : गीतकार आणि संगीतकार. फॉर्म गायकाने भरला. गीतकार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, कारण शब्द त्याचेच होते. संगीतकार म्हणून गिटारवाल्याचं लिहिलं, कारण रिफ तो आणत असे. बास आणि ड्रमची नावं 'वादक' म्हणून खाली. यात कुणाचा कावा नव्हता. फॉर्मला जेवढ्या चौकटी होत्या तेवढ्या भरल्या गेल्या.

सीडी आली त्या दिवशी आम्ही खूश होतो. ड्रमरने आतला कागद उघडला, वाचला, घडी घालून परत ठेवला. पुढच्या प्रॅक्टिसला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. दुकानात काम आहे म्हणाला. वडिलांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान होतं, काम असणारच. गिटारवाला चिडला. "याला सीडी निघाल्यावर भाव चढला," असं तो माझ्यासमोर म्हणाला. गायकाला वाटलं घरचे लग्नाचं बघतायत. बासवाला दोन्हीकडे जाऊन आला आणि दोन्हीकडे त्याला चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. दोन महिन्यांत खोलीला कुलूप लागलं.

त्यानंतर कुणीही विचारलं की आम्ही म्हणायचो, 'इगो आले मध्ये.' हे उत्तर फार सोयीचं असतं. त्यात सगळे थोडे थोडे दोषी होतात आणि कुणालाच काही दुरुस्त करावं लागत नाही. बँड मोडण्याच्या प्रकरणांत मला या शब्दाचा आता मनापासून कंटाळा आला आहे. 'इगो' म्हटलं की नेमकं काय झालं हे विचारायचं राहूनच जातं.

मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. बासवाला तारवटी झाला, सहा-आठ महिने बोटीवर आणि बाकीचे घरी. गायक उच्च माध्यमिक शाळेत शिकवतो. गिटारवाला बँकेत लागला. ड्रमर दुकान चालवतो आणि चवथीला वाड्यावर घुमट वाजवतो. एका तालुक्यात राहून, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाऊन, हे लोक १७ वर्षं त्या गोष्टीवर एक शब्द बोलले नाहीत.

पहिला प्रयत्न

बासवाला सुट्टीवर चवथीला घरी आला आणि त्याने विषय काढला. ड्रमरने शांतपणे नकार दिला. "तुम्ही करा, मी ऐकायला येईन." तिघांनी मग गावातला एक तरुण ड्रमर घेतला. पोरगा चांगला होता. तांत्रिकदृष्ट्या आमच्या ड्रमरपेक्षा सरस म्हणावा असा. त्याने सीडी ऐकून सगळं गाणं बसवलं होतं.

पहिल्याच प्रॅक्टिसला तीन अडचणी दिसल्या. त्यातल्या दोन वयाच्या होत्या आणि त्या सुटणाऱ्या होत्या.

एक म्हणजे गायकाचा आवाज. २४व्या वर्षी ज्या पट्टीत तो सहज ओरडायचा, तिथे आता गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. यावर उपाय जुना आहे : सगळ्या तारा उतरवायच्या. आम्ही एक पूर्ण स्वर खाली आलो. सगळ्यात जाड तार 'ई'वरून 'डी'वर. पण तारा उतरवल्या की त्या सैल पडतात, फ्रेटवर खुळखुळतात, म्हणून गिटारवाल्याने नऊच्या सेटऐवजी जाड, अकराचा सेट लावला. आठवडाभर बोटं दुखली. आवाज मात्र भारदस्त झाला, आणि गायकाला शब्द पुन्हा चावून म्हणता येऊ लागले.

दुसरी अडचण कानांची. गिटारवाल्याच्या डाव्या कानात कायम शिट्टी वाजते. याच खोलीची ती देणगी, यात मला शंका नाही. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास सोसता येतो असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला सुरक्षित वेळ उरते फक्त १५ मिनिटं. पत्र्याच्या त्या खोलीत आम्ही तीन-तीन तास बसायचो, कानात कापूससुद्धा नसायचा. आता सगळ्यांच्या कानात प्लग आहेत, अँप छोटा आहे आणि तो माइक लावून मोठा करतो. शिवाय आता कुळागराच्या कडेला घरं झाली आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खोलीच्या भिंतींना नारळाच्या काथ्याच्या गाद्या लावल्या आणि सातच्या आत उठायचं ठरवलं. शेजारच्या काकींनी तरी दोन दिवस बघून घेतलं, मग त्यांचं बोलणं थांबलं.

तिसरी अडचण कुणाला कळत नव्हती. ती जागा येत नव्हती. तरुण ड्रमर मोजून अर्धी मात्रा सोडत होता, अचूक. गिटारवाला दर वेळी समेवरच पडत होता. दहा वेळा, पंधरा वेळा. तो स्वतःवर वैतागला, मग पोरावर, मग पुन्हा स्वतःवर. "माझी जागा आहे रे ही, मला कशी येत नाही?" असं म्हणून त्याने गिटार खाली ठेवली. माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. त्या संध्याकाळनंतर तिघांनी पुन्हा भेटायचं ठरवलं नाही.

कॅसेट

ड्रमरच्या मुलीने माळ्यावरची खोकी उपसताना ही कॅसेट काढली, ती यानंतर महिन्याभराने.

ती बिघडलेली नव्हती. आम्ही तेव्हा चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग करत होतो. साध्या डेकवर कॅसेटच्या एका बाजूला दोन ट्रॅक असतात आणि उलटवल्यावर दुसरे दोन. चार ट्रॅकचा रेकॉर्डर चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतो, म्हणून त्याची कॅसेट साध्या डेकवर उलटवली की अर्धं रेकॉर्डिंग उलटं वाजतं. शिवाय आमचं मशीन टेप दुप्पट वेगाने फिरवायचं, सेकंदाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर. साध्या डेकचा वेग पावणेपाच. म्हणून सगळं निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली ऐकू येतं. मुलीला भेसूर वाटलं यात नवल नाही.

आमचं मशीन केव्हाच विकलं गेलं होतं. पण त्याची गरज नव्हती. आधी टेप वाचवायची होती. गोव्याच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी येते. हिच्या कडेला पांढरे ठिपके होते आणि हेडसमोर टेप दाबून धरणारी फेल्टची गादी सुटून आत पडली होती. चार दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवली. मग पाच स्क्रू काढून टेपची रिळं नव्या कवचात बसवली. मऊ कापडावरून एकदा हलकेच पुढे-मागे फिरवली. साध्या डेकवर दोन्ही बाजू कॉम्प्युटरमध्ये घेतल्या, दुसरी बाजू उलटी केली, दोन्हींचा वेग दुप्पट केला आणि दोन्ही बाजूंवर ऐकू येणारा पहिला काउंट एकमेकांखाली जुळवला. साध्या डेकचा वेग कधीच तंतोतंत स्थिर नसतो, त्यामुळे दर मिनिटाला थोडं ओढून-ताणून सरळ करावं लागलं. एका गाण्याला दोन रात्री गेल्या. असा जुना ठेवा कुणाच्या घरी असेल तर तो कोरड्या डब्यात ठेवा आणि ढकलून चालवून बघू नका, एवढी विनंती.

पहाटे चार ट्रॅक एकत्र वाजले. एकवर गिटार, दोनवर बास, तीनवर ड्रम, चारवर गायकाचा माइक. आणि त्या माइकने खोलीतलं बोलणं पकडलं होतं.

ते गाणं जन्मलं तो दिवस होता. पाऊस आहे. गिटारवाला रिफ वाजवतो, पाच वेळा, पाचही वेळा सरळ समेवर. गायक काहीतरी गुणगुणतो. मग ड्रम थांबतात आणि ड्रमरचा आवाज येतो, लांबून पण स्वच्छ : "थांब रे. पाचव्याला समेवर येऊ नको. आरतीत आम्ही कसं सोडतो? अर्धी मात्रा जाऊ दे, मग ये." तो तोंडाने घुमटाचे बोल म्हणून दाखवतो. गिटारवाला चुकतो. पुन्हा चुकतो. "मी तुला हाक देतो," ड्रमर म्हणतो, आणि फ्लोअर टॉमवर, म्हणजे सेटमधल्या जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, घुमटासारखी एक दाबलेली, मग उघडी थाप मारतो. त्या थापेवर गिटार बरोबर पडते. खोलीत सगळे एकदम ओरडतात. त्यात माझाही आवाज आहे.

मी तिथे होतो आणि मला यातलं काहीही आठवत नव्हतं.

म्हणजे ती जागा गिटारवाल्याची कधीच नव्हती. ती तो मोजतही नव्हता. ड्रमरच्या हाकेवर येत होता. तरुण ड्रमर मात्रा अचूक सोडत होता, पण हाक देत नव्हता, कारण सीडीच्या मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करताना, ती थाप इतकी खाली गेली होती की ऐकूच येत नाही. ते मिक्स मी केलं होतं.

चौघे एका खोलीत

मी चौघांना एकत्र बोलावलं. ड्रमरला सांगितलं की तुझीच कॅसेट आहे, निदान ऐकायला ये. तो आला, दाराजवळ बसला.

ऐकून झाल्यावर गिटारवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला खरंच वाटत होतं की ही माझी आहे." ड्रमर म्हणाला, "मला माहीत आहे. तू खोटं बोलत असतास तर मी तेव्हाच भांडलो असतो." माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रकरणाचं मर्म या वाक्यात आहे. त्याला आपला मित्र लबाड वाटला असता तर त्याने भांडण काढलं असतं आणि कदाचित बँड वाचला असता. मित्राला मनापासून तसंच वाटतं आहे हे दिसल्यावर त्याच्याकडे म्हणायला काही उरलं नाही. पुरावा माळ्यावर पडून होता आणि तो पुरावा आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

टेपने त्यालाही सोडलं नाही, हे सांगायला हवं. गाण्याचा शेवट, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी बास तिहाईसारखं तीनदा उतरते, तो आपण सुचवला अशी ड्रमरची ठाम समजूत होती. टेपवर तो बासवाला स्वतःच वाजवतो, कुणी न सांगता, आणि ड्रमर म्हणतो, "हे काय केलंस? परत कर." बासवाल्याला १७ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलंही नव्हतं. तो त्या दिवशी नुसता हसला. मला वाटतं त्या हसण्याने खोलीतली हवा बदलली, कारण आता चुकलेला माणूस एकटा गिटारवाला राहिला नव्हता.

माफी वगैरे कुणी मागितली नाही. मागायला हवी होती असं मला वाटतही नाही. त्यांना फॉर्म दुरुस्त करायचा होता.

कागद

बासवाल्याचा मावसभाऊ वकील आहे. त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण आपल्याकडच्या कुठल्याही बँडला हे लागणार आहे.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती आहेत. संगीताच्या व्याख्येतून गायचे शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. संगीतकार म्हणजे जो संगीत रचतो तो. त्याने ते कागदावर स्वरलिपीत लिहिलं की नाही, याने फरक पडत नाही. म्हणजे तोंडाने बोल म्हणून दाखवणारा ड्रमरसुद्धा संगीतकार असू शकतो. दोघांचं किंवा अधिकांचं योगदान एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त रचना, आणि तिचा हक्क शेवटच्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग ही आणखी तिसरी गोष्ट. त्याचा हक्क ते काढणाऱ्या निर्मात्याचा, प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

इथे गिटारवाल्याने एक प्रामाणिक प्रश्न विचारला : आरतीचा ठेका पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, तो याचा कसा झाला? प्रश्न बरोबर होता. ठेक्यावर हक्क कुणाचाच नाही, वाड्यावरच्या कुणालाही तो वाजवता येतो. पण ती सोडलेली मात्रा या रिफच्या पाचव्या फेरीत आणून बसवणं ही रचना आहे, आणि ती एका ठरावीक संध्याकाळी एका ठरावीक माणसाने केली. ठेका सगळ्यांचा, ती जागा त्याची. वकिलाने यावर मान डोलावली, तरी न्यायालयात ढोलाच्या ठेक्यावरून संगीतकार ठरणं सोपं नसतं, हेही सांगितलं. म्हणूनच आपसात लिहून ठेवायचं.

दुसरी गोष्ट तर कुणाच्या गावीही नव्हती. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि त्या लिखाणात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कंपनीच्या त्या जुन्या फॉर्मवर मुदतीची जागा कोरी होती. वकिलाच्या मते संगीत आणि शब्दांचे हक्क कधीच चौघांकडे परत आले होते. सीडीवरचं रेकॉर्डिंग कंपनीचं राहिलं. पण गाणं नव्याने रेकॉर्ड करायला आडकाठी नव्हती.

चौघांनी मिळून दोन पानांचा कागद केला. शब्द एकट्या गायकाचे. बँडच्या सगळ्या जुन्या गाण्यांचं संगीत चौघांचं, समान वाट्याने, कुणी किती केलं हे न मोजता. बँडचं नाव चौघांपैकी किमान तिघे स्टेजवर असतील तरच वापरायचं. कागदाची मुदत एक वर्ष, चवथीपासून चवथीपर्यंत.

समान वाट्यावर गायक अडला होता. त्याचं म्हणणं, काही गाण्यांत ड्रमचा खरोखर काही हात नाही. त्याला मी डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक बँडचं उदाहरण दिलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या गाजलेल्या अल्बमांवर रिची ब्लॅकमोर, इयन गिलन, रॉजर ग्लोव्हर, जॉन लॉर्ड आणि इयन पेस या पाचही जणांची नावं गाण्यांखाली येत. बँड १९७६मध्ये मोडला. हेच पाच जण १९८४मध्ये परत एकत्र आले तेव्हा बहुतेक नवी गाणी ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर या तिघांच्या नावावर गेली. ऑर्गनवाला लॉर्ड आणि ड्रमर पेस यादीतून गळले. आणि हे पाच जणांचं एकत्र येणं पाच वर्षंच टिकलं. १९८९मध्ये गिलनला काढलं. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या पद्धतीने ते एकेकाळी उभे राहिले ती पद्धत त्यांनी परत आणली नाही, एवढं दिसतं.

ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या इंग्लिश बँडचं उदाहरण आमच्या प्रकरणाशी आणखी जवळचं आहे. ११ नोव्हेंबर २०११ला मूळ चौघांनी एकत्र येत असल्याचं जाहीर केलं. तीन महिन्यांत ड्रमर बिल वॉर्डने सांगितलं की सही करण्याजोगा करार मिळाल्याशिवाय तो येणार नाही. तो आला नाही, २०१३चा अल्बम दुसऱ्या ड्रमरवर झाला. मूळ चौघे पुन्हा एकत्र वाजले ते थेट ५ जुलै २०२५ला, बर्मिंगहॅममध्ये, गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गात असताना. २२ जुलैला ऑझी गेले. मधली १३-१४ वर्षं परत येणार नाहीत. कागद वेळेवर न झाल्याची किंमत मला त्या १७ दिवसांच्या अंतरात दिसते, आणि ती बातमी वाचली तेव्हा मी आमच्या चौघांना फोन केला.

कार्यक्रम

तालुक्यातल्याच एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम, म्हणून सातला सुरुवात आणि पावणेदहाच्या आत शेवट. साउंडचेकला मी फ्लोअर टॉमसाठी वेगळा माइक लावला आणि तो मिक्समध्ये वर ठेवला. गिटारवाल्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर त्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, तर सगळ्यात वर. तरुण ड्रमर बाजूला उभा राहून ती थाप बघत होता. त्याने नंतर ती शिकून घेतली.

पहिली दोन गाणी बावचळली. चौघे एकमेकांकडे बघतच नव्हते. तिसऱ्यात गायक ओळ विसरला आणि पुढच्या रांगेतल्या त्याच्याच विद्यार्थ्यांनी ती उचलली, तेव्हा सैल झाले. ते गाणं शेवटून दुसरं होतं. रिफ चार वेळा सरळ आली. पाचव्या वेळी टॉमवर दाबलेली, मग उघडी थाप पडली, सभागृहातले पाय हवेत राहिले, आणि गिटार अर्धी मात्रा उशिरा, जिथे पडायची तिथे पडली. गिटारवाल्याने त्या क्षणी वळून ड्रमकडे हात केला, जसा गवय्या तबलजीकडे करतो. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना त्याचं कारण कळलं नसेल. दुसऱ्या रांगेत ड्रमरची आई बसली होती. गिटारवाला नंतर तिच्या पाया पडायला गेला तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे आरतीला येत जा रे परत." तो गेला त्या चवथीला, कासाळे घेऊन बसला.

आता

सगळं गोड झालं असं नाही. गायकाला नवी गाणी करायची आहेत, ड्रमरला वर्षातून दोन कार्यक्रमांपलीकडे नको. बासवाला बोटीवर गेला की सहा महिने प्रॅक्टिस नाही, आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायचा का यावर मतभेद आहेत. कागदात तीन जणांची अट आहे, तरी मन तयार होत नाही. गिटारवाल्याची शिट्टी वाढली तर काय, हे कुणी बोलत नाही.

जुन्या गाण्याचं नवं रेकॉर्डिंग आम्ही चढवलं आहे. संगीत या शब्दापुढे चार नावं आहेत, आडनावांच्या वर्णानुक्रमाने.

खोलीत आता एक शंभरपानी वही असते, दाराजवळच्या खिळ्याला दोरीने बांधलेली. प्रॅक्टिस संपली की ज्याला आठवेल त्याने लिहायचं, कुणी काय आणलं. रिफ कुणाची, ओळ कुणाची, 'इथे थांबू या' हे कोण म्हणालं. अक्षरं चार प्रकारची आहेत. बासवाला बोटीवर जायच्या आदल्या दिवशीची नोंद गिटारवाल्याच्या हातची आहे : 'दुसऱ्या कडव्यानंतरची सोडलेली मात्रा. माझी नाही. बास.'